रायझन ५६०० आणि आरएक्स ६६०० : भाच्याच्या पीसीची दोन वर्षं

बारावीला चांगले मार्क पडले तर गेमिंग पीसी, असं मी भाच्याला कबूल करून बसले होते. त्याने मार्क पाडले. २०२३ च्या दिवाळीआधी आम्ही दोघं ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, शिरलो. बजेट ६०,०००, मॉनिटर सोडून.

पहिल्याच दुकानात कोटेशन हातात आलं. वर ठळक अक्षरात आय-सेव्हन प्रोसेसर, खाली कुठेतरी ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. "मॅडम, दहा वर्षं बघायला नको." भाच्याने माझी ओढणी ओढली, "मावशी, चल." बाहेर वडापाव खाताना त्याने समजावलं. गेममध्ये प्रोसेसर काय काढायचं ते सांगतो, काढतं कार्ड. म्हणजे रांगोळी सांगायला दहा बायका आणि काढणारी एकटी, तीही ४ जीबीची! पटलं मला.

शेवटी रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ६६०० कार्ड ठरलं. प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड १३२ वॉटचं, त्यामुळे ५५० वॉटच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) भागलं. बिल होताना मात्र मी चष्मा लावला म्हणून बरं झालं, कारण त्यावर ५५०० लिहिलं होतं. 'सेमच आहे, मॅडम.' सेम कसलं? एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली मेमरी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई, म्हणजे कार्डाला जोडणारा रस्ता, ४ ऐवजी ३. हे कार्ड मुळात आठच लेन वापरतं, म्हणजे त्याचा रस्ता अजून अर्धा. बिल बदलून घेतलं.

घरी जोडला तर स्क्रीन काळी. तासभर मी दुकानदाराचा उद्धार करत होते आणि एचडीएमआयची वायर निघाली बोर्डाच्या भोकात. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच, वायर कार्डालाच लावायची. भाचा अजून हा किस्सा सांगत नाही, मी सांगते.

दोन वर्षांत तक्रार नाही. व्हॅलोरंट हा गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरून उरतो. सायबरपंक १०८०पी-वर हाय सेटिंगला सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास चालतं, पण रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारी सेटिंग) लावलं की सगळं अडखळतं, ते आम्ही बंदच ठेवतो. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा मे महिन्यात घुर्रर्र करतो, तेवढं सोसायचं.

एक चूक माझी. भाचा आता ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतोय, आणि त्यात रेंडरिंगला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला, एनव्हिडियाची कार्डं बरीच पुढे आहेत. त्याच दुकानात १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० होतं, थोडे पैसे जास्त. मीच म्हटलं होतं, "गेमच खेळायचेत ना?" आता तो रेंडर लावून जेवायला येतो, आणि दुसरी पोळी वाढेपर्यंत तीनदा उठून बघून येतो.