आबांचं इंजिन, विटांचं : आठ महिन्यांनंतर

आबा ज्यावर काम करायचे तसल्या ऑइल इंजिनाचं मॉडेल मी लेगोसारख्या खेळण्यातल्या विटांनी बांधून शोकेसमध्ये ठेवलंय. मे महिन्यात एका दुपारी तिथून खडखड आवाज आला. जाऊन बघते तर डावं फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं मोठं चाक, निखळून खालच्या कप्प्यात पडलेलं आणि चाकाचा दांडा पेलणाऱ्या बेअरिंगच्या ठोकळ्याच्या विटा इकडेतिकडे विखुरलेल्या. कुणी हातही लावला नव्हता. नोव्हेंबरात याच मॉडेलचे फोटो टाकून मी लिहिलं होतं, "बिनधास्त स्वस्तातल्या विटा घ्या, काही फरक पडत नाही." ते मागे घ्यायचं आहे, म्हणून हे लिहितेय.

आमचे आबा शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं कोल्हापुरात ऑइल इंजिनं बनवली. आबा त्यानंतरचे, एका छोट्या फौंड्रीत. 41 वर्षं सागवानाचे पॅटर्न केले. त्या पॅटर्नवर वाळूचा साचा बसायचा, साच्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं जायचं. बीड गार होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी आबांची पट्टीच वेगळी होती, मुळातच ताणलेली. लहानपणी मी ती चुकून शाळेत नेली आणि भूमितीची सगळी मापं चुकली. त्या संध्याकाळी ओसरीवर बसवून त्यांनी मला आकसण्याचा हिशेब शिकवला. उसाच्या मळ्यावर कुठंही जुनं इंजिन दिसलं की ते थांबायचे आणि म्हणायचे, "ह्याचं चाक माझ्या हातचं असणार बघ." ते गेल्यावर मला फोटोफ्रेम नको होती, इंजिन हवं होतं. तेही चाक फिरणारं.

तयार सेट नव्हताच, म्हणून लेगोचे सुटे तुकडे मिळणाऱ्या ब्रिकलिंक या संकेतस्थळाच्या स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरवर स्वतःच रचना केली. मळ्यावरच्या एका बंद इंजिनाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणले होते. अडकले ती फ्लायव्हीलवर. विटेवरची दोन बटणं, म्हणजे गोल उंचवटे, 8 मिलिमीटर अंतरावर असतात आणि विटेची उंची 9.6, त्यामुळे सरळ रचत गेलं की गोल अंडाकृती होतो. शेवटी जमलं ते या हिशेबानं : पाच चपट्या विटांची उंची 16 मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर दोन बटणांची रुंदी. ते धरून विटा आडव्या बसवल्या आणि चाक गोल झालं. सॉफ्टवेअर भागांची यादी आपोआप काढून देतं, त्यात माझे 1,340 तुकडे निघाले.

सगळं लेगोचं घ्यायचं तर खिसा रिकामा झाला असता. म्हणून दांडे, गिअर आणि थोड्या विटा लेगोच्या घेतल्या आणि बाकी हजारेक तुकड्यांचं एका दुसऱ्या कंपनीचं पाकीट 1,499 रुपयांना मागवलं. पहिले तीन महिने मी खूश होते. दिवाळीत आज्जीनं बोटानं चाक फिरवलं, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असंच फिरायचं बघ." मला तेव्हा बाकी काही दिसतच नव्हतं.

खटकलं होतं ते फक्त रंगाचं. एकाच पाकिटात हिरव्या रंगाच्या दोन छटा, शिवाय 14 तुकडे कमी. विक्रेत्याकडे तक्रार केली तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ मागितला. माझ्याकडे नव्हता. तीन आठवडे रोज तेच उत्तर, शेवटी 60 रुपये परत. माझा राग त्या पैशांवर नव्हता. आबांच्या इंजिनाला मी दोन रंगांचं बघू शकत नव्हते, म्हणून फिक्या विटा मागच्या बाजूला लपवल्या. त्या विटांचं खरं दुखणं रंगात नव्हतंच, हे मला कळायला मे उजाडला.

चाक पडलं त्या रात्री मी आबांचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, काढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला, लाकडी पेटीत, अजून तसाच गुळगुळीत सरकतो. त्यावर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, तेवढीच त्याची एक रेघ. लेगोच्या 20 विटा मोजल्या, एका रेघेचाही फरक सापडला नाही. मुंबईच्या मावसभावाच्या लहानपणच्या विटा घेतल्या, त्याही त्याच रेघेवर. चार-चारच्या दोन ओळींत आठ बटणं असलेली वीट 32 मिलिमीटरच्या जागेत 31.8 भरते. शेजारच्या विटेला घासू नये म्हणून दोन्हीकडे केसाएवढी जागा सोडलेली असते. स्वस्तातल्या विटांत दोन ते चार रेघांचं कमीजास्त होतं, आणि काही थेट 32 भरल्या. एक वीट हातात घेतली तर हे जाणवतही नाही. पण पायाच्या ओळीत अशा 12 विटा एकमेकींना रेटत बसल्या होत्या. त्यामुळे पाया धनुष्यासारखा मधून उचलला गेला आणि वरचा बेअरिंगचा ठोकळा दिवसेंदिवस सैल होत गेला. त्यात उन्हाळा, आणि शोकेस पश्चिमेच्या खिडकीजवळ.

बांधताना या विटा मी अंगठ्यानं जोर लावून बसवल्या होत्या. घट्ट बसतात म्हणजे चांगल्या, असं मला वाटलं होतं. आबा त्यांच्या हाताखालच्या पोरांना नेमकं उलटं सांगायचे, "रेटू नगंस. रेटून बसलेलं कधीतरी निघतंयच." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं.

आता दुरुस्तीबद्दल. पाया, बेअरिंगचे ठोकळे आणि डावं फ्लायव्हील पूर्ण लेगोचं केलं, 2,860 रुपये लागले. एवढे पैसे विटांवर घालवताना जीव वर-खाली झाला, हे खरं आहे. पण पाण्याचा हौद, धुराडं, सिलिंडरवरचं झाकण अजून स्वस्तातल्या विटांचंच आहे आणि छान टिकलंय, कारण त्यांच्यावर भार नाही. तेव्हा पाकीट फेकून देऊ नका. फिरणाऱ्या आणि वजन उचलणाऱ्या भागांपुरत्या मात्र चांगल्याच घ्या. बांधायच्या आधी स्वस्तातल्या 12 विटा एका ओळीत लांब चपट्या विटांवर बसवून टेबलावर ठेवा. मधून फट दिसली तर त्या पायात वापरू नका. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं असतं तर ती दुपार टळली असती.

शोकेस आता आतल्या भिंतीला आहे. चाक पूर्वीपेक्षा हलकं फिरतं, एकदा टिचकी मारली की आठ-नऊ फेरे घेतं. आज्जी रोज सकाळी देवपूजा झाली की एकदा फिरवते आणि थांबेपर्यंत उभी राहते. उजवं फ्लायव्हील अजून जुन्याच विटांचं आहे. त्याला 46 तुकडे लागतील. यादी काढून ठेवली आहे, पुढच्या पगाराला मागवते.