मोटारसायकलवरचा सीबी रेडिओ: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर, आणि आवाज गेला तर काय पाहायचं

पावसाळ्याच्या तोंडावर सीबी रेडिओ घेतला, म्हणजे सिटिझन बँडवर आपसात बोलायचा वॉकीटॉकीसारखा सेट. आता नागपूरचा पारा 44-45 वर गेलाय, म्हणजे सेट भिजून झाला, तापूनही झाला. आमचा ग्रुप लहान आहे. रविवारी पहाटे निघतो, कधी रामटेक-खिंडसी, कधी उमरेड-करांडला, आणि वेळ असला की जबलपूर रोडनं मनसर, देवलापार, खवासा करत पेंचकडे. देवलापारच्या पुढे जंगल लागलं की मोबाईलचा भरवसा नसतो. हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम गाड्या थोड्या पांगल्या की तुटतो आणि परत जोडत बसावं लागतं. सीबीत जोडणं-बिडणं काही नाही. ज्याचा सेट त्या चॅनलवर आहे तो ऐकतो. मागची गाडी पंक्चर झाली तर पुढच्याला तेव्हाच कळतं. मोकळ्या रस्त्यावर आम्हाला एक-दीड किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतं, दाट झाडीत त्याहून कमी. घेतला त्या कामाला तो पुरेपूर उतरला.

माझा हातात धरायचा सेट आहे, अँटेना सेटलाच. तो टँक बॅगेत राहतो, गाडीच्या बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतो. हेल्मेटमध्ये दोन स्पीकर, हनुवटीपाशी माइक आणि बोलायचं बटण डाव्या हँडलला. असाच सेट घेण्यामागे कारण आहे. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 5 वॅटपर्यंतचा, अंगचीच अँटेना असलेला सेट लायसनशिवाय वापरता येतो. परदेशातल्या 40 चॅनलच्या सेटचे वरचे चॅनल या पट्ट्याबाहेर जातात, म्हणून आम्ही 27 नंबरच्या चॅनलच्या वर जात नाही.

आता मुख्य विषय. या सेटची एकच मोठी तक्रार आहे आणि ती सगळ्यांची आहे: मधूनच आवाज बंद. दिवा लागलेला, चॅनलचा आकडा दिसतोय, पण कानात काहीच नाही. अशा वेळी लोक थेट सेट खोलायला जातात. माझं ठाम मत आहे की सेटला सगळ्यात शेवटी हात लावावा.

आधी स्क्वेल्च पूर्ण उघडा. स्क्वेल्च म्हणजे ठरावीक पातळीखालचा सिग्नल गप्प करणारी सोय. तो उघडला की खरखर यायलाच हवी. खरखर आली तर सेट, स्पीकर, वायर सगळं जिवंत आहे. मग एक तर स्क्वेल्च जास्त आवळला गेलाय, नाहीतर चॅनल वेगळा आहे, नाहीतर एकाचा सेट एएमवर आणि दुसऱ्याचा एफएमवर आहे. स्क्वेल्च आवळला जाण्याचं एक कारण मला फार आवडलं. भर दुपारी आमच्या चॅनलवर कुठल्या तरी लांबच्या देशातली बोलणी येत होती. 2024-25 मध्ये सूर्यावरची हालचाल ऐन जोरात होती. अशा काळात 27 मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या वातावरणातून परत फिरून हजारो किलोमीटरवर उतरतात. ती कटकट नको म्हणून सगळ्यांनी स्क्वेल्च चढवला, आणि मग आपलीच मागची गाडी ऐकू येईना.

खरखरही नसेल तर सेटवरचा बोलण्याचा लाल दिवा पाहा. तो आपोआप लागलेला असेल तर हँडलवरचं बटण दाबलेलंच अडकलंय. बोलण्याच्या अवस्थेत सेट ऐकणं बंद करतो, म्हणून तुम्हाला काही येत नाही. बाकीच्यांना तुमच्या माइकमधला वारा ऐकू येतो, आणि त्यांतलं कोणी बोलायला गेलं तर ऐकणाऱ्यांच्या कानात शिट्टी, कारण दोन एएम सिग्नल एकावर एक पडतात. जुलैत उमरेड रोडला भिजल्यावर माझं नेमकं हेच झालं. घरी बटण उघडलं तर आत लाल मातीचा थर, तांब्याच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आणि स्प्रिंग एका बाजूला झुकलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पट्टी तांबूस दिसेपर्यंत पुसली, सुकू दिली, बटणावर रबराची टोपी चढवली. त्यानंतर बटणानं त्रास दिलेला नाही.

लाल दिवाही नसेल तर हेडसेटची, म्हणजे हेल्मेटमधल्या स्पीकर-माइकची, पिन काढा. पिन आत गेली की जॅकमधली एक पातळ पट्टी सरकते आणि सेटच्या स्वतःच्या स्पीकरची जोडणी तुटते. पिन काढल्यावर सेट बोलायला लागला तर दोष हेल्मेटच्या बाजूला आहे. तरीही गप्प असेल तर ती पट्टी उघडीच राहिलेली असू शकते. पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा.

सीताबर्डीवरच्या दुकानात हेडसेट घेऊन गेले तेव्हा काकांनी सेटकडे पाहिलंही नाही. "ताई, सेट राहू द्या बाजूला, वायर पाहू द्या आधी." मीटर लावला आणि पिनेपासून बोटभर अंतरावर वायर हळूहळू वाकवली. माझे दोन 8 ओहमचे स्पीकर समांतर जोडलेत, म्हणून मीटर चारच्या आसपास दाखवत होता. वायर एका कोनात वळली की आकडा गायब. वरून रबर अगदी अखंड, आतली तार तुटलेली. हँडल वळलं की वायर तिथंच दुमडते, त्यात एक सिलिंडरच्या गाडीची थरथर. काकांनी तेवढा तुकडा कापला, नवी पिन डाखली आणि वायरला गाठ न मारता एक सैल वळसा देऊन टँक बॅगेला बांधायला सांगितलं.

दिवाच लागत नसेल तर फ्यूज आणि 12 व्होल्टचा सॉकेट, बस. सेट स्वतःच्या सेलवर चालतोय आणि गाडीवर नाही, तर उत्तर तिथंच आहे.

इंजिनाबरोबर कानात चढणारी कुईऽऽ मात्र अजून पूर्ण गेली नाही. पॉवरची वायर थेट बॅटरीवर नेली, वायरमधली अशी खरखर अडवणारा फेराइटचा मणी घातला, तेव्हा बरीच कमी झाली. शहरात मी सेट बंदच ठेवते. वर्धा रोडच्या गर्दीत सिग्नलला थांबल्यावर ओरडून सांगणं जास्त सोपं पडतं.

घेणार असाल तर दुकानात एकच गोष्ट आधी विचारा: हेडसेटची वायर आणि हँडलचं बटण सुटं मिळतं का. मिळत नसेल तर सेट कितीही चांगला असो, तो घेऊ नका. माझ्या सीटखाली आता एक जादा वायर कायम असते, आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनीही तीच पिन असलेले हेडसेट घेतलेत, म्हणजे रस्त्यात कोणाचीही वायर कोणालाही चालते.