आधार की मतदार यादी?

आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद: सरकारी नोंदीत नाव असणं म्हणजे हक्क की पाळत? एक मित्र आधारचा कैवारी, दुसरा मतदार यादीचा.

पहिल्याचं म्हणणं, गाव बदला, घर बदला, बोटांचे ठसे तेच. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं, तेव्हाही आशा हीच होती. मग त्याचा हुकमी एक्का येतो: "लपवण्यासारखं आहे काय रे तुझ्याकडे?" मला काही तो पटत नाही. घराला दार आहे म्हणून आत चोरीचा माल असतो थोडाच! २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये आधार टिकलं, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठीची सक्ती गेली.

मतदार यादी उघडी असते. आधी प्रारूप, म्हणजे कच्ची यादी सगळ्यांना बघायला लावतात. नाव नसेल तर फॉर्म ६, मयताचं दिसलं तर फॉर्म ७. चूक शेजाऱ्यालाही दिसते. रेशन दुकानात झिजलेल्या बोटाचा ठसा जुळला नाही, तर ती चूक कुणाला दाखवायची? अर्थात यादीत आपलं नाव, वय, घर क्रमांक कुणीही वाचतो, हेही खरंच.

तरी मी यादीच्या बाजूने. यावर पहिला मित्र एवढंच म्हणाला, "आधी तुझं नाव जुन्या वॉर्डातून हलव, मग बोल."