११ टीबी पोस्टग्रेस आणि महापेतला सर्व्हर: नऊ महिन्यांचा अनुभव

ट्रकच्या जीपीएस नोंदींचा आमचा पोस्टग्रेस डेटाबेस ११ टीबीवर गेला आणि जुन्या मशिनने मान टाकली. नवा सर्व्हर नवी मुंबईत महापेच्या डेटा सेंटरमध्ये बसवून आता नऊ महिने झाले. कोटेशन मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, किती टीबी टाकायचं?" माझ्या मते हा शेवटचा प्रश्न. आधी हे विचारा, की डिस्क "लिहिलं" म्हणते तेव्हा ते खरंच सुरक्षित झालेलं असतं का, आणि तेवढं सांगायला ती किती वेळ लावते.

जुन्या मशिनमध्ये पुरवठादाराने डेस्कटॉपच्या एसएसडी लावून दिल्या होत्या. बॉक्सवरचा वेग भरपूर, पण कमिट करताना, म्हणजे नोंद पक्की करताना, पोस्टग्रेस एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरल्याची खात्री) मागतो आणि नेमक्या तिथे त्या अडखळायच्या. हाच वेळ मोजणारं पीजी_टेस्ट_एफसिंक लावून पाहिलं तर दर खेपेला दोन-अडीच मिलिसेकंद. नव्या एनव्हीएमई डिस्कमध्ये (याही एसएसडीच, पण जास्त वेगवान) वीज साठवणारे कपॅसिटर आहेत. वीज गेली तरी कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा चिपवर उतरवण्यापुरता त्यांचा चार्ज पुरतो, म्हणून डिस्क लगेच होकार देते. तीच टेस्ट इथे ३० मायक्रोसेकंदांच्या आसपास. सकाळी गाड्या सुटताना नोंदींची रांग लागायची, ती पहिल्याच दिवशी थांबली.

मशिन एका सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर एकच: एएमडीचा ३२ कोअरचा एपिक. ५१२ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम, म्हणजे रोज लागणारे इंडेक्स (नोंदी शोधायच्या सूच्या) रॅममध्येच राहतात. ६.४ टीबीच्या आठ डिस्क रेड १० मध्ये, म्हणजे सगळा डेटा दोन-दोन डिस्कवर, वापरायला २५.६ टीबी. रेड ५ मध्ये दुसऱ्या प्रतीऐवजी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशेब) ठेवतात, जागा जास्त मिळते, म्हणून ऑफिसात बरीच वादावादी झाली. पण तिथे एक छोटा बदल लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशा चार फेऱ्या होतात. आमचं काम सगळं छोट्या लिखाणाचं. मी अडून बसलो, आणि बरंच झालं.

पाचव्या महिन्यात एक डिस्क गेली. नवी घातली, तर रीबिल्डला (तिच्यावर डेटा परत भरायला) नऊ तास दाखवतंय! लिनक्सच्या एमडीची (रेड सांभाळणाऱ्या भागाची) डिफॉल्ट मर्यादा सेकंदाला २०० एमबी असते, हे रात्री दीड वाजता लक्षात आलं. ती १ जीबीवर नेली आणि दोन तासांच्या आत काम झालं. ही सेटिंग पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

दोन चुका मान्य करतो. दिवसाला तीनदा पूर्ण लिहिता येईल अशा महागड्या डिस्क घेतल्या. नऊ महिन्यांत स्मार्ट लॉगमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत) त्यांच्या आयुष्याचा वापर दिसतोय जेमतेम १ टक्का. दिवसाला एकदा लिहिता येणाऱ्या घेतल्या असत्या तरी आरामात पुरलं असतं.

दुसरी चूक मोठी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये डेटाबेसची दुसरी प्रत ठेवली, पण मधली लाइन १ गिगाबिटची. प्रत पहिल्यापासून घ्यायची वेळ आली तेव्हा ११ टीबी सरकायला दीड दिवस लागला. एवढा वेळ आमच्याकडे एकच चालू प्रत होती, आणि मी दर तासाला फोनवर आकडा बघत बसलो होतो. त्या महागड्या डिस्कचे पैसे १० गिगाबिटच्या लाइनला लागायला हवे होते. तिचा अर्ज या आठवड्यात दिलाय.