लांबी बदलता येणारा गोल्फ पटर: स्टान्स (उभं राहण्याची ढब) पक्का नसेल तर उपयोगी

दुकानात बहुतेक पटर (चेंडू होलमध्ये ढकलायच्या गोल्फ स्टिक) ३३ ते ३५ इंचांचे मिळतात आणि उंची पाहून ३५ इंची हातात दिला जातो. खरं तर उंचीपेक्षा कंबरेतला वाक आणि हातांची लांबी महत्त्वाची. लांबी बदलता येणाऱ्या पटरचा फायदा इथेच दिसतो: पान्याने स्क्रू सैल करून शाफ्ट (दांडा) हवा तेवढा आत-बाहेर सरकवता येतो.

नेहमीच्या स्टान्समध्ये हात सैल सोडा, नाकाच्या वरच्या टोकापासून एक चेंडू खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा किंचित आतल्या बाजूला पडला तर लांबी जमली. पटर लांब असेल तर चेंडू दूर जातो, टो (हेडचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागाचं, पुढचं टोक) उचलली जाते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे झुकतो. आखूड असेल तर हील (हेडचं आपल्याकडचं टोक) उचलली जाते.

उणीव वजनाची. एक इंच कमी केला की हेड हलकं वाटतं, १०-१५ ग्रॅम वाढवावे लागतात. बदलता येणारी वजनं नसलेलं मॉडेल म्हणूनच टाळावं. लांबी बदलल्यावर लाय अँगलही (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) तपासून घ्या. फेरी सुरू असताना लांबी बदलून खेळणं मात्र नियमबाह्य.