एका कानाचं इम्प्लांट की दोन्हींचं एकदम? जिभेचाही विचार करा

ऐकू यावं म्हणून कानात बसवतात त्या यंत्राच्या, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटच्या, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी वरणाचा घास घेतला आणि जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटलं. पुढे स्वयंपाकाला लागले तेव्हा मीठ कमी वाटलं, म्हणून अजून टाकलं. मशीन सुरू व्हायचं होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. सासूबाईंनी वाटी बाजूला सारली तेव्हा कळलं. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात दहा माणसांचा स्वयंपाक माझ्या हातचा, आणि चवीचं मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव नेणारी बारीक नस, कॉर्डा टिम्पनी, मधल्या कानातून जाते. कानामागचं हाड कोरून, ही नस आणि चेहऱ्याची नस यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून सर्जन आत पोचतात. तेव्हा ती ताणली जाते, कधी कापावी लागते. ज्या बाजूचा कान, त्याच बाजूची जीभ.

माझा उजवा कान झाला. जीभ बाहेर काढून उजव्या कडेला मिठाचा खडा टेकवला, काहीच नाही. डाव्या कडेला टेकवला, लगेच खारट. त्या डाव्या बाजूवर मी निभावून नेलं. तांब्याची चव चार महिन्यांत गेली. बहुतेकांची अशीच हळूहळू कमी होते, काहींची मात्र राहते.

दोन्ही कान एकदम केले तर भूल एकदाच, नागपूरच्या फेऱ्याही कमी. कापूस वेचणीच्या दिवसांत ही लहान गोष्ट नाही. हाक कुठून आली ते दोन कानांनी चांगलं कळतं, गोंगाटातही सोपं जातं. पण दोन्ही नसांना एकाच दिवशी धक्का बसू शकतो. लाळेच्या काही ग्रंथींनाही याच नसेतून निरोप जातो, म्हणून तोंड कोरडं पडून भाकरीचा घास घशाखाली उतरेना असं होऊ शकतं. ठेच्याची जळजळ वेगळ्या नसेची, ती राहते. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वासही येतो. अंबाडीचा आंबटपणा आणि मीठ मात्र हुकतं.

मूल जन्मतः बहिरं असेल आणि डॉक्टर दोन्ही कान म्हणत असतील, तर चवीपायी अडू नका. भाषा शिकायचं वय थांबत नाही. मोठ्या माणसाने मात्र, घाई नसेल तर, एक कान आधी करावा, चव कुठवर परत येते ते पाहावं, मग दुसरा, असं माझं ठाम मत आहे.

पण लहानपणी एखादा कान वाहायचा आणि त्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या बाजूची नस तेव्हाच गेलेली असू शकते. मग दुसऱ्या, एकाच कानाचं इम्प्लांटही जिभेसाठी दोन्हींइतकंच जोखमीचं. जुने कागद सोबत न्या. ऑपरेशनआधी घरीच जिभेच्या दोन्ही कडांना मीठ आणि साखर लावून पाहा, आणि एखादी कड मुकी निघाली तर कोणता कान करायचा हे ठरण्याआधीच सर्जनना सांगा.