कीक्लोक: सातपूर-अंबडच्या कारखान्यांना परवडणारं एकच लॉगिन

ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), पगार-रजा, मेल आणि क्वालिटीची कागदपत्रं अशी चार सॉफ्टवेअर्स असली की पासवर्डही चार होतात, आणि मग ते मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर येतात. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याने यासाठी कीक्लोक, म्हणजे एकाच लॉगिनवर सगळी सॉफ्टवेअर्स उघडून देणारं सॉफ्टवेअर, जरूर वापरावं. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत, आपल्याच सर्व्हरवर चालतं. ओपनआयडी कनेक्ट आणि सॅमल या लॉगिन जोडण्याच्या दोन्ही पद्धती चालतात, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (विंडोज नेटवर्कची वापरकर्ता-यादी) खातीही जोडता येतात.

रिअल्म म्हणजे वापरकर्ते आणि सेटिंग्जचा स्वतंत्र कप्पा. मास्टर रिअल्म फक्त अ‍ॅडमिनसाठी ठेवा, कंपनीचं रिअल्म वेगळं करा. डेटाबेस पोस्टग्रेस घ्या. स्टार्ट-डेव्ह मोड फक्त चाचणीपुरता. पहिल्याच दिवशी काम अडतं ते रिडायरेक्ट पत्त्यावर, म्हणजे लॉगिननंतर माणसाला जिथे परत पाठवायचं त्या पत्त्यावर. एचटीटीपी की एचटीटीपीएस, पोर्ट, शेवटची तिरकी रेघ, एवढ्यानेही लॉगिन नाकारलं जातं. वैतागून तिथे नुसतं तारांकन (*, म्हणजे कुठलाही पत्ता चालेल) टाकू नका. लॉगिनचा कोड भलत्याच पत्त्यावर पळवायला हल्लेखोराला वाट मिळते.

खरी मेहनत सेशनच्या, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन किती वेळ टिकतं त्याच्या, वेळांवर घ्यावी लागते. मूळ सेटिंग असं: 30 मिनिटं काही न केल्यास सेशन संपतं, कमाल मर्यादा 10 तास. ऑफिसला हे ठीक. पण स्टोअरचा एकच पीसी तिन्ही पाळ्यांत फिरतो. पहिल्या पाळीचा माणूस लॉगआउट न करता उठला की पुढच्याची माल-आवक एन्ट्री त्याच्याच नावावर पडते, आणि एका लॉगिनवर चारही सॉफ्टवेअर्स उघडी असतात. ती 30 मिनिटांची वेळ 10 मिनिटांवर आणा आणि ईआरपीचा स्वतःचा टाइमआउटही तेवढाच करा.

पासवर्डसोबत मोबाइल अ‍ॅपमधला ओटीपी सक्तीचा करा. 6 आकडी कोड 30 सेकंदांनी बदलतो. ‘कोड चुकीचा’ अशी तक्रार आली तर आधी मोबाइलचं आणि सर्व्हरचं घड्याळ पाहा.

कोणी नोकरी सोडली की एकच खातं बंद करायचं, हा सगळ्यात मोठा फायदा. मात्र आधी दिलेलं टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल पास) मूळ सेटिंगनुसार 5 मिनिटं चालतं, आणि अ‍ॅपची स्वतःची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली लॉगिनची नोंद) त्याहून जास्त. म्हणून सेशन्स टॅबमधून त्याची सगळी सेशन्स संपवा. प्रत्येक अ‍ॅपला बॅकचॅनल लॉगआउट (कीक्लोकने थेट त्या सर्व्हरला लॉगआउट कळवणं) जोडलेलं असेल तरच तो निरोप तिथवर पोहोचतो. कुठलंही नवं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विक्रेत्याला हे विचाराच.

कीक्लोक बंद पडलं तर नवं लॉगिन कुठेच होत नाही. डेटाबेसचा रोज बॅकअप घ्या आणि ईआरपीत एक स्थानिक अ‍ॅडमिन खातं ठेवून त्याचा पासवर्ड तिजोरीत ठेवा.